कोणत्या सालचे उदगीर?

उदगीरचा स्वातंत्र्यपूर्व इतिहास अभ्यासू पाहणारा आजचा विद्यार्थी प्रथम आंतरजालाकडे वळतो आणि ‘लातूर जिल्हा’ या शब्दांनी शोध घेतो. उदगीर आज लातूर जिल्ह्यातच असल्याने त्याचे हे करणे स्वाभाविक आहे. परंतु हा जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यापूर्वीच्या कागदांत त्याचे नाव येणार कोठून?

वस्तुतः उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. साहजिकच १९५१ च्या जनगणनेतील उदगीरचे आकडे बीदरखाली सापडतात. पुढे ज्या उस्मानाबादेत हे तालुके समाविष्ट झाले, त्याचेही नाव आता धाराशिव झाले आहे. नांदेडची कथा निराळी नाही. किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले. मुधोळ, भैंसा ही गावे नांदेडातून आंध्रात गेली व आज तेलंगणात आहेत.

भाषेची अडचण याहून मोठी. निझामी राजवटीचा कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालला. मराठी शब्दांनी केलेल्या शोधाला ते दप्तर सहसा सापडत नाही. १९१० साली निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले, म्हणूनच मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठी वाचकाच्या हाती आली.

आंतरजालाचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या जुन्या गॅझेटिअरसाठी पूर्वी हैदराबाद वा मुंबई गाठावी लागे, त्यांतील कित्येक आज नांदेडात घरबसल्या वाचता येतात. मात्र यंत्र विचारलेल्या शब्दाचेच उत्तर देते. योग्य शब्द कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते. ग्रंथालयात जुना नकाशा, जनगणनेचा खंड आणि गॅझेटिअर शेजारी ठेवून पाहिले की सीमा कशा सरकल्या ते ध्यानी येते. जाणता ग्रंथपाल तर प्रथम हेच विचारतो, ‘कोणत्या सालचे उदगीर?’

हा प्रश्न न विचारताच ‘साधने उपलब्ध नाहीत’ असे प्रबंधात लिहिले गेले, तर पुढचा अभ्यासक त्यावर विश्वास ठेवील. बीदरच्या नावाखाली असलेले कागद मग कोणीच उघडणार नाही.