बॉयलरचा वास

वडगाव निंबाळकरात समुद्राचं कुणाला काय? तुमचं पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा, आणि भांडण म्हणजे आवर्तनाचं. आता लेकाकडं सॅन फ्रान्सिस्कोला आलाय, तर त्यानं ‘चला अण्णा, बोट बघू’ म्हणत ‘जेरेमाया ओब्रायन’वर आणलंय. १९४३ सालचं मालवाहू जहाज, नॉर्मंडीला रसद पोचवून आलेलं, आता संग्रहालय. डेकवरच्या तोफांकडं तुम्ही नुसती नजर टाकता.

पण इंजिनघराच्या लोखंडी जिन्यावर पाय ठेवता आणि थबकता. गरम तेल, ओली वाफ, तापलेलं लोखंड. गळीत हंगामातली रात्रपाळीच! आज बॉयलर पेटवलाय. तीन सिलिंडर, पुढचा आधीच्याहून मोठा. कारखान्यात ऊस एका मिलमधून दुसरीत जातो, तशी एकच वाफ तिघांना राबवते.

डोळे मिटून आणखी एक पायरी उतरता.

उकाडा मुंबईचा. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, व्हिक्टोरिया डॉक. तुम्ही ‘जलपद्म’वर आहात. सिंदिया कंपनीची बोट. कंपनीच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या इंदापुरात वालचंदनगर वसवणारे. ऊस आणि समुद्र एकाच शेठच्या वहीत, हे गावात कधी कुणी बोललं नव्हतं. कोकणातला आगवाला घाम पुसत म्हणतो, “वर जावा, समोर धूर हाय.”

समोर ‘फोर्ट स्टिकिन’. बर्कनहेडहून सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि सोन्याच्या १२४ विटा घेऊन निघालेली, कराचीत आणखी हजारो कापसाच्या गाठी भरलेली. धोक्याचं लाल निशाण नाही. दुपारी दोनपासून बंबवाले पाणी मारतायत. कापसाची गाठ विझत नाही, आतून धुमसत राहते, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तळात पाणी चढतं तशा जळत्या गाठी तरंगत वर येतात, थेट दारूगोळ्याच्या दिशेनं. जहाजाचा पत्रा एका जागी इतका तापलाय, की पाणी पडताच चर्रकन वाफ होते. तुम्ही ओरडता. आवाज फुटत नाही.

चार वाजून सहा मिनिटं.

‘जलपद्म’चा मागचा भाग उचलून धक्क्यावरच्या गोदामावर चढतो. चार हजार टनांच्या घरातली बोट! ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट. त्या दिवशी एकट्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

“अण्णा? कठडा सोडा की.”

तळवा तेलानं काळा झालाय. इंजिनाशी उभा असलेला म्हातारा स्वयंसेवक हसून हात पुसायला वेस्टचा बोळा पुढं करतो. कारखान्यात असायचा तसलाच, सुताचा. तुम्ही तो घेता. हात पुसत नाही. बोळा नाकाशी नेऊन हुंगता.