पूर्वपक्षाची मांडणी आणि बंजाऱ्यांचा ताम्रपट

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें क्षेत्र आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि तेथें असल्यामुळें समस्त बंजारा समाजाचें तें श्रद्धास्थान आहे. २०२४ सालीं तेथें बंजारा विरासत संग्रहालयही उघडलें. या समाजाचा इतिहास बहुतांशीं मुखपरंपरेनें आलेला असल्यानें त्याच्या संशोधनांत दोन पक्ष नेहमीं समोरासमोर येतात. कागद नाहीं तेथें इतिहास नाहीं, असें एक म्हणतो; इतकी दृढ आठवण खोटी कशी असेल, असें दुसरा विचारतो. अशा वादांत खंडन कसें करावें, हें आम्ही एका उदाहरणानें दाखवितों.

वऱ्हाड पोलीसखात्यांतील कंबरलेज यांचा बंजाऱ्यांवरील निबंध १८८२ सालीं छापला गेला. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत त्याचाच मुख्य आधार घेतला. शहाजहानचा सासरा आसफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेंत आला, तेव्हां भंगी व जंगी नाईकांचे १,८०,००० बैल त्याच्या फौजेची रसद वाहात होते. आणि पाणी, गवत व खुनाची माफी देणारा सुवर्णाक्षरी ताम्रपट त्यांस मिळाला, अशी ही हकीकत आहे.

हिला 'दंतकथा' म्हणून झिडकारणें सोपें आहे. पण तें खंडन नव्हे. प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडला पाहिजे. आसफखानाची विजापुरावरील स्वारी १६३१ सालीं खरोखर झाली. तो काळ दक्षिणेंतील घोर दुष्काळाचा. तेव्हां बाहेरून धान्य आणणाऱ्या तांड्यांवांचून फौजेचा निभाव लागणें कठीण. १६३२ सालीं पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा स्वतः पाहिला. बंजारा पक्षाच्या अभिमान्यासही याहून अधिक कांहीं सांगावेंसें वाटूं नये.

आतां उत्तरपक्ष. मंडीनें पाहिलेला तांडा उत्तर हिंदुस्थानांतील होता. त्यावरून अशा तांड्यांची शक्यता सिद्ध होते, ताम्रपट नव्हे. मोगली फर्मानें सामान्यतः फारसींत व कागदावर असत. हा लेख मात्र यमकबद्ध हिंदुस्थानींत सांगितला जातो. शिवाय त्यांत नांव येतें तें आसफजाह असें, आणि निजामुल्मुल्कास ही पदवी १७२५ सालीं मिळाली. तेव्हां मागाहूनच्या सवलतीस जुन्या स्वारीची जोड मिळाली असावी, ही शंका रास्त ठरते.

परंतु या आक्षेपांनीं काय पडलें, तें मोजून पाहावें. ताम्रपटाचा काळ संशयित झाला. बैलांचा आंकडा परंपरेच्याच भरंवशावर राहिला. मोगली फौजांच्या रसदेंत बंजाऱ्यांचा वांटा होता, हें विधान मात्र जागचें हललें नाहीं. जो ताम्रपटाबरोबर तेंही उडवूं पाहतो, तो प्रमाणाबाहेर जातो. आणि जो त्या विधानाच्या आधारें ताम्रपट तारूं पाहतो, तोही तितकाच बाहेर जातो.

न्यायशास्त्रानें कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. वाद तत्त्वनिर्णयासाठीं, जल्प जयासाठीं. वितंडेंत तर स्वतःचा पक्षच नसतो. ज्या समाजाचा इतिहास अद्याप दप्तरांत पुरता उतरलेला नाहीं, त्याच्याविषयीं लिहितांना जल्पानें होणारी हानि दुहेरी असते: खरा वांटा बुडतो आणि खोटा डाग चिकटतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, असा पट हातीं येतांच त्याचा ठसा, मापें व अक्षरशः वाचन प्रसिद्ध करावें. अनुकूल-प्रतिकूल मतें त्यानंतर.