मुंबईंतील देवीची पहिली टोचणी

इ. स. १८०२ च्या जून महिन्याच्या १४ व्या तारखेस मुंबई शहरांत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यांत आल्या. हिंदुस्थानांत गोस्तनदेवीची टोचणी यशस्वी झाली ती प्रथम या मुलीच्या दंडावर. पुढें या देशांत ज्या असंख्य बालकांना ही लस मिळाली, त्यांच्या परंपरेचा आरंभ येथें आहे.

मराठी भाषेनें या बाबतींत मोठी मौज केली आहे. रोग झाला तर ‘देवी आल्या’ आणि रोग टळावा म्हणून टोचलें तर ‘देवी काढल्या’! शीतलादेवीचा कोप आणि त्यावरील उपाय, दोहोंना नांव एकच. देवीची लागण झालेल्यांपैकीं शेंकडा वीस ते तीस माणसें दगावत, आणि वांचत त्यांतील कित्येकांची दृष्टि जाई. ही साथ लहान मुलांवर विशेष तुटून पडे. टोचण्याची कल्पनाहि येथें नवी नव्हती. बंगाल्यांत टीकादार लोक रोग्याच्या फोडांतील द्रव्य निरोगी मुलाच्या अंगांत घालीत व त्याला सौम्य देवी आणवीत. हॉलवेल या इंग्रज वैद्यानें १७६७ सालीं या पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे. परंतु त्या देवी खऱ्याच असल्यामुळें टोचलेल्या मुलापासून घरांतील इतरांस लागण होण्याचें भय राहीच.

१७९६ च्या मे महिन्यांत जेन्नर यानें एका गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीच्या फोडांतील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचली. पुढें जुलईंत त्यास खरी देवी टोचून पाहिली, ती उठली नाहीं. ही विद्या कागदावर हिंदुस्थानांत लवकर पोंचली, लस पोंचेना. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या लांबच्या जलप्रवासांत ती निकामी होई. शेवटीं व्हिएन्ना येथील डॉ. द कारो यानें खुष्कीचा मार्ग धरला. लशींत भिजविलेली कापसाची वात दोन कांचांमध्यें बसवून ती मेणांत बुडवावयाची, मेणाचा गोळा होईपर्यंत! अशी ती बगदादेस गेली. तेथें मुलांना टोचून नवी लस मिळविली, ती बसऱ्यास, आणि तेथून जहाजानें मुंबईस.

यापुढें मात्र कांच आणि मेण यांवर भिस्त ठेवून भागणारें नव्हतें. उन्हाळ्यांत वाळलेली लस टिकत नसे. ती जिवंत राहण्याची खात्रीची जागा एकच, मुलाचा दंड. टोचल्यावर आठव्या दिवशीं फोड पाण्यानें भरे. त्या दिवशीं आईनें मूल पुन्हां दाखवावयास आणावयाचें. वैद्य फोड तपासून टोचणी लागली कीं नाहीं तें सांगे, आणि त्याच फोडांतून लस काढून समोर बसलेल्या दुसऱ्या मुलास टोची. अ‍ॅनाच्या दंडावरून मुंबईंतील इतर मुलांना, त्यांच्यापासून पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास, असा हा प्रवास झाला. मद्रासेहून कलकत्त्यास लस पाठवितांना जहाजावर मुलेंच बरोबर द्यावीं लागलीं. स्पेनच्या राजानें तर १८०३ मध्यें अमेरिकेस लस नेण्यासाठीं २२ पोरक्या मुलांना गलबतावर चढविलें.

आठव्या दिवशीं पुष्कळ आया फिरकत नसत. आपल्या तापलेल्या, किरकिरणाऱ्या लेकराचा फोड परक्यासाठीं फोडूं द्यावयाचा, आणि त्याच्या अंगांतलें सत्त्व कोणी काढून नेणार, ही कल्पना त्यांना सोसत नसे. परजातीच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगांत नको, हीहि अडचण होतीच. या बायांना अडाणी म्हणून हिणविणें सोपें आहे. परंतु एका मुलाच्या रक्तांतील दुसरा रोग दुसऱ्याकडे जाण्याचा संभव खरा होता, आणि युरोपांत अशा लशींतून उपदंश पसरल्याचीं उदाहरणें पुढें वैद्यांनींच नमूद केलीं. आयांचें कारण चुकलें असेल. भय सगळेंच चुकलें नव्हतें. वासराच्या अंगावर लस वाढविण्याची रीत रूढ झाली तेव्हांच लेंकरांवरचा हा भार उतरला.

१८७७ च्या कायद्यानें मुंबई शहरांत देवी काढणें सक्तीचें झालें. तरीहि रोग शंभर वर्षें हटला नाहीं. हिंदुस्थानांतील अखेरची रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आसामांत करीमगंज येथें सांपडली, आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें देवी जगांतून नाहींशा झाल्याचें जाहीर केलें. आतां तान्ह्या बाळास देवी काढीत नाहींत. जन्मतांच त्याच्या डाव्या दंडावर जी टोचणी होते ती क्षयावरील बी. सी. जी. ची, तिचा फोड उठून वण राहिला म्हणजे कित्येक घरांतील आजीबाई अजूनहि सुनेला विचारतात, “देवी चांगल्या उठल्या ना ग?”