बाबासाहेबांचा कोट आणि वऱ्हाडातला परीट

१४ एप्रिल जवळ आला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधल्या टेलरकडे रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असते. पांढरा शर्ट, निळा कोट, नवी पँट. आणि नेमका याच दिवसांत दरवर्षी एक टोमणाही ऐकू येतो: "तुमचे बाबासाहेब गरिबांचे नेते, मग ते सुटाबुटात का राहायचे? गांधी बघा, पंचा नेसून राहिले." आपली पोरं चिडतात, भांडतात; पण उत्तर देताना अडखळतात. म्हणून कपड्याचा इतिहास आपल्या बाजूने एकदा नीट मांडणं आम्हाला गरजेचं वाटतं.

गांधींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला अंगरखा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. त्यांच्या हेतूवर आम्ही इथे शंका घेत नाही. पण त्याग त्यालाच करता येतो, ज्याच्याकडे सोडायला काही असतं. ज्याच्या अंगावर धड कपडा येऊच दिला नाही, त्याने काय सोडायचं?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रं वापरावीत असा नियम आहे. हा नियम पोथीत पडून राहिला नाही. गावगाड्यात मढ्यावरचं कापड महाराचा 'हक्क' म्हणून चालत आलं. हक्क म्हणायचं आणि अपमान हातात द्यायचा! बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा हा नियमही त्या आगीत होता. दोनच दिवसांनी तिथे जमलेल्या बायकांशी ते बोलले ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल. जात ओळखू येईल असं नेसू नका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. ग्रंथदहन आणि लुगडं ही एकाच लढाईची दोन टोकं होती.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं ते इथल्या काळ्या मातीतल्या कापसासह. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इथल्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. रेल्वे आली. पुढे जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल असं सगळं उभं राहिलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या महारांचा एक धंदा म्हणून जाडंभरडं कापड विणणं नोंदवलेलं आहे. म्हणजे हातमाग आपल्या हाताला नवा नव्हता. पण मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला आपला ओठ लागला तर सवर्ण कामगार बाटेल! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कपडा विणण्याचं कसब असलेल्या माणसाला मागापासून दूर ठेवणारी ही व्यवस्था होती.

आणि विणण्यावरच हे थांबत नाही. कपडा धुणार कोण?

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात परीट होते, वडिलांना पैसे देणं परवडत होतं, तरी घरातले कपडे बहिणी धूत. कारण अस्पृश्याचा कपडा परीट घेत नसे. केसही बहीणच कापायची, कारण न्हावी हात लावत नसे. १९०१ मधला त्यांचा मसूरचा अनुभव आपल्याला माहीत आहे. वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडं नवे सदरे, नवी धोतरं, जरीच्या टोप्या घालून गाडीतून उतरली. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. महार आहोत म्हणताच त्याचा चेहरा पालटला आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुलांना जावं लागलं.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घ्या. निव्वळ चांगल्या कपड्याने जात पुसली जात नाही. मसूरच्या स्टेशनवर कपड्याने जात काही क्षण झाकली, एवढंच. पुढे १९३० साली तेच बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत कोट-टाय घालून उभे राहिले ते अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून, आपली ओळख जगासमोर सांगत. तो कोट जात लपवायला घातलेला नव्हता. 'मी कोण आहे ते सांगतो, आणि माझ्या अंगावर काय असावं ते मीच ठरवतो', असं सांगणारा तो कोट होता. त्याला साहेबाची नक्कल म्हणणाऱ्यांनी मसूरची गोष्ट वाचलेलीच नसते.

परिटाने कपडे नाकारले, असं म्हणताना मात्र एक चूक करू नका. परीटही याच उतरंडीतला एक दबलेला माणूस. वरच्याने त्याला तुच्छ मानायचं आणि त्याने खालच्याला. जात अशीच टिकते. आणि या परीट समाजातच, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. अंगावर चिंध्यांचं ठिगळ, हातात खराटा. वरून पाहिलं तर बाबासाहेबांच्या कोटाच्या अगदी उलट टोक. पण त्यांनी शिवाशिव झुगारली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या समाजाला आपला कपडा धुवायला मनाई होती, त्याच समाजातला माणूस आपल्या मुलांच्या शिक्षणाला जागा देऊन गेला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ गाडगेबाबा गेले. एकाची चिंधी आणि दुसऱ्याचा कोट, दोघांचा शत्रू एकच होता.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला पांढरे कपडे घालून या, असं बाबासाहेबांनी सांगितलं होतं. वऱ्हाडातून माणसं रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला निघाली. ज्यांच्याकडे नवा कपडा नव्हता त्यांनी जुना धुऊन, नीळ देऊन पांढरा केला. आपल्या जुन्या घरांत इस्त्री कुठे होती? तांब्यात निखारे घालून शर्टावर फिरवायचे, पँट घडी करून गोधडीखाली दाबून ठेवायची. मढ्यावरचं कापड ज्यांच्या वाट्याला लिहिलं होतं, ते लाखो लोक पांढरेशुभ्र होऊन दीक्षाभूमीवर बसले. जगाच्या इतिहासात कपड्याने दिलेलं याहून मोठं उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

ही लढाई संपलेली नाही. २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून ताठ चाला, त्याची लाज बाळगू नका.

पण तरुण मित्रांनो, दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला: साताऱ्यात बाबासाहेबांचे कपडे बहिणी धूत होत्या, कारण दुसरा इलाज नव्हता. आज तुमच्या जयंतीच्या शर्टाला इस्त्री कोण करतं? आई, बहीण, बायको? मग मिरवणुकीत समतेची घोषणा देणाऱ्या आपण घरात काय बदललं? दुसरा: २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्रा टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी झाली. उद्या तिथे आपली पोरं फक्त गठाणी उचलणार, की कटिंगच्या टेबलावर, डिझाईनच्या खुर्चीवर आणि मालकीच्या कागदावरही असणार? विणकाम खात्याचं दार एकदा आपल्या तोंडावर बंद झालं होतं. नव्या दाराशी आजपासूनच, शिक्षण आणि संघटना घेऊन, उभं राहावं लागेल.

कोट अंगावर आला. आता माग हातात घ्यायचा आहे.

जय भीम!