भोपाळने अमेरिकेला दिलेला डेटाबेस

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही 'रिक्वायरमेंट' हा शब्द ऐकवा, कपाळावर आठी पडतेच. "सिस्टिम वापरायला सोपी असावी", "रिपोर्ट वेळेवर मिळावेत" असली वाक्यं वाचून आपण सगळेच कधी ना कधी वैतागलेलो असतो. सोपी म्हणजे किती सोपी? वेळेवर म्हणजे कधी? कोणाला?

आज एका वेगळ्या रिक्वायरमेंटची गोष्ट सांगतो. ती कुठल्या क्लायंटने लिहिली नाही, अमेरिकेच्या काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने, आपली काँग्रेस नव्हे :-)) लिहिली, आणि तिची सुरुवात झाली आपल्या भोपाळमध्ये.

२ डिसेंबर १९८४

घटना सगळ्यांना माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यातल्या एका टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, बाहेर पडला. हजारो माणसं मेली, पाच लाखांहून जास्त लोकांना बाधा झाली. आकड्यांचे वाद आजही संपलेले नाहीत.

मला त्यातली एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. त्या रात्री भोपाळमध्ये माहिती नावाची वस्तूच नव्हती. लोक घराबाहेर पडून वाट फुटेल तिकडे धावत सुटले, त्यातले कित्येक वायूबरोबरच धावले. ओलं फडकं नाकातोंडावर धरलं असतं तरी थोडा फरक पडला असता, पण ते सांगणार कोण? हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना हा नेमका कुठला वायू आणि त्यावर उपचार काय करायचे, हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं ते कारखान्याच्या भिंतीच्या आत होते. राजकुमार केसवानी नावाचा स्थानिक पत्रकार १९८२ पासून या कारखान्याबद्दल लिहीत होता. पण एक पत्रकार म्हणजे काही यंत्रणा नव्हे. लोकांनी वाचलं आणि विसरून गेले.

तिकडे वेस्ट व्हर्जिनियात

युनियन कार्बाइडचा असाच एमआयसी बनवणारा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, इन्स्टिट्यूट नावाच्या गावात होता (हो, गावाचं नावच इन्स्टिट्यूट). भोपाळनंतर तिथल्या लोकांनी साहजिकच विचारलं, आमच्याकडे असं होईल का? कंपनीने सुरक्षेवर आणखी खर्च केला, दिलासा दिला, उत्पादन पुन्हा सुरू केलं. आणि ११ ऑगस्ट १९८५ ला त्याच कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली! या वेळी एमआयसी नव्हता, दुसरी रसायनं होती. कुणी दगावलं नाही, पण शंभराहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. गावाला सूचना द्यायलाही उशीर झालाच.

'हे फक्त गरीब देशांत होतं' हा समज त्या दिवशी संपला. अमेरिकेत 'राइट टू नो' म्हणजे जाणण्याच्या हक्काची चळवळ आधीपासून होतीच. कामगार संघटना त्यात पुढे होत्या आणि न्यू जर्सीसारख्या राज्याने १९८३ मध्येच तसा कायदा केला होता. भोपाळ आणि इन्स्टिट्यूटनंतर ही मागणी थेट वॉशिंग्टनला पोचली.

उद्योगांचा विरोध अर्थातच होता. अपघाताच्या वेळची माहिती देऊ, पण वर्षभर रोज थोडं थोडं काय बाहेर सोडतो त्याचा हिशेब कशाला? त्यातही कॅन्सरसारखे आजार हळूहळू घडवणारी रसायनं नोंदवहीत घ्यायची की नाही, यावर प्रतिनिधिगृहात मतदान झालं. निकाल लागला २१२ विरुद्ध २११. एक मत! १७ ऑक्टोबर १९८६ ला अध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि 'इमर्जन्सी प्लॅनिंग अँड कम्युनिटी राइट-टू-नो' कायदा झाला.

कायद्यात लिहिलेला डेटाबेस

या कायद्याचं कलम ३१३ म्हणजे आमच्यासारख्यांसाठी मेजवानी आहे. त्यातून 'टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी' (पुढे टीआरआय म्हणू) तयार झाली. साध्या मराठीत सांगायचं तर विषारी रसायनांची खतावणी.

कोणी भरायचं? दहा किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या आणि ठरावीक उद्योगांत मोडणाऱ्या कारखान्यांनी. कधी? यादीतलं एखादं रसायन वर्षाला २५,००० पाउंडांहून (साधारण ११ टन) जास्त बनवलं किंवा प्रक्रियेत घातलं, किंवा १०,००० पाउंडांहून जास्त इतर कामाला वापरलं तर. काय भरायचं? हवेत किती, पाण्यात किती, जमिनीत किती, दुसरीकडे किती पाठवलं, प्रत्येक रसायनाचा वेगळा फॉर्म. कधीपर्यंत? पुढच्या वर्षीच्या १ जुलैपर्यंत. कोणाकडे? पर्यावरण संस्था ईपीए आणि राज्य सरकार, दोघांकडे.

आणि मग ते सोन्यासारखं वाक्य. ईपीएने ही सगळी माहिती संगणकावरच्या डेटाबेसमध्ये ठेवावी आणि कुणाही व्यक्तीला दूरसंचाराने बघता येईल अशी सोय करावी, असं कायद्यानेच बजावलं. साल बघा, १९८६. वेब जन्मायचं होतं, मोडेम किरकिरत होते. 'माहिती द्यावी' एवढं लिहून संसद मोकळी झाली असती तर ईपीएच्या तळघरात फायलींचे गठ्ठे झाले असते आणि 'अर्ज करा, बघू' असं उत्तर मिळालं असतं. इथे मात्र स्कीमा, डेडलाइन आणि युजर, तिन्ही कायद्यातच!

१९८७ सालाची पहिली माहिती १९८८ मध्ये गोळा झाली आणि १९८९ मध्ये लोकांसमोर आली. ती टॉक्सनेट नावाच्या ऑनलाइन सेवेवर ठेवली गेली, शिवाय वाचनालयांत मायक्रोफिश आणि नंतर सीडी पोचल्या.

आकडे बाहेर आल्यावर

पहिल्याच वर्षी अब्जावधी पाउंडांचे आकडे बघून सगळे हादरले. गंमत म्हणजे कंपन्यांचे वरिष्ठही. कारण स्वतःच्या सगळ्या कारखान्यांतून मिळून काय बाहेर जातं, याची बेरीज अनेकांनी कधी केलीच नव्हती. आकडे जाहीर होण्याच्या तोंडावर, जून १९८८ मध्ये, मोन्सँटोने घोषणा केली की १९९२ अखेर आम्ही हवेत सोडत असलेली विषारी रसायनं ९० टक्क्यांनी कमी करू. कुठल्याही कायद्याने तसं सांगितलेलं नव्हतं.

हे नीट लक्षात घ्या. टीआरआयने कुणालाही एक ग्रॅमही कमी करायला सांगितलं नाही. मर्यादा नाही, बंदी नाही. फक्त लिहा, आणि ते आम्ही सगळ्यांना दाखवू. जेम्स हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने नंतर शेअर बाजाराचे आकडे तपासले तेव्हा दिसलं, की टीआरआयमध्ये नाव आलेल्या कंपन्यांचं बाजारमूल्य पहिली माहिती जाहीर झाली त्या दिवशी सरासरी ४१ लाख डॉलरनी घसरलं होतं. १९८८ ते १९९९ या काळात मूळ यादीतल्या रसायनांचे नोंदवलेले आकडे जवळपास ४५ टक्क्यांनी उतरले.

आता यातला तांत्रिक माणूस लगेच हात वर करेल. 'नोंदवलेले आकडे' उतरले म्हणजे प्रदूषण तेवढंच उतरलं का? शंका रास्त आहे. हे आकडे कारखाने स्वतः भरतात आणि बरेचसे अंदाजाने काढलेले असतात. अंदाजाची पद्धत बदलली की आकडा बदलतो, नळीतून येणारा धूर तोच राहतो. पहिल्या यादीत सोडियम सल्फेट होतं. वजनाने सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, आणि विषारीपणा जवळजवळ नाही. १९८९ मध्ये ते यादीतून काढलं आणि बेरीज धाडकन खाली आली. शिवाय एक पाउंड पारा आणि एक पाउंड मिथेनॉल हे बेरजेत सारखेच. त्यामुळे नुसता टोटल कॉलम बघून निष्कर्ष काढणं म्हणजे कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामरची लायकी ठरवण्यासारखं आहे.

पण डेटा उघडा असल्यामुळे हे दोष लोकांनीच शोधले आणि यंत्रणा सुधारत गेली. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या आदेशाने सरकारी कारखाने आणि लष्करी तळ त्यात आले. १९९४ मध्ये २८६ रसायनांची भर पडली. १९९८ सालापासून खाणी आणि कोळशावरची वीजकेंद्रं भरू लागली. शिशासारख्या शरीरात साठणाऱ्या पदार्थांसाठी मर्यादा पार १०० पाउंडांपर्यंत खाली आणली.

उलटा प्रवासही झाला. डिसेंबर २००६ मध्ये ईपीएने 'कागदपत्रांचा बोजा' कमी करण्याच्या नावाखाली बऱ्याच रसायनांसाठी तपशीलवार फॉर्मची मर्यादा ५०० वरून ५,००० पाउंडांवर नेली. बारा राज्यं कोर्टात गेली आणि मार्च २००९ मध्ये काँग्रेसने तो नियम मागे घ्यायला लावला. एकदा लोकांना आकडे बघायची सवय लागली की ते परत घेणं सोपं नसतं.

आणि आपण?

भोपाळनंतर भारतातही कायदे झाले, नाही असं नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चाच. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आलं, त्यात धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी असं स्पष्ट लिहिलं होतं. १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. १९९२ पासून कारखान्यांनी प्रदूषण मंडळाला दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, द्यायचं ठरलं.

म्हणजे हक्क कागदावर आहे, फॉर्मही आहे. नाही ती शेवटची ओळ, 'डेटाबेसमध्ये ठेवा आणि कुणालाही बघू द्या' ही. अमेरिकेच्या टीआरआयसारखी, कारखान्याचं नाव टाकून रसायनागणिक आकडा दाखवणारी देशव्यापी सार्वजनिक नोंदवही भारतात नाही. माहिती कारखान्याकडून मंडळाकडे जाते आणि बहुतेक वेळा तिथेच विसावते. २००५ नंतर माहिती अधिकारात अर्ज करता येतो हे खरं, पण आपल्या शेजारी काय आहे हेच माहीत नसेल तर अर्जात विचारायचं काय?

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन गळलं, १२ माणसं गेली. चौकशी समितीने नोंदवलं की धोक्याचा भोंगाच वाजवला गेला नाही. भोपाळनंतर ३५ वर्षांनी! आपल्या डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. रोज डोंबिवली लोकल पकडून ऑफिसला जाणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या घरापासून एक किलोमीटरवर कुठलं रसायन किती साठवलेलं आहे हे सांगता येईल? दोष त्यांचा नाही, बघायची जागाच नाही.

थोडी चांगली बातमी महाराष्ट्रातूनच. ५ जून २०१७ ला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या कारखान्यांसाठी स्टार रेटिंग सुरू केलं. चिमणीतल्या धुळीच्या मोजमापावरून एक ते पाच तारे, आणि ते वेबसाइटवर सगळ्यांसाठी. व्याप्ती लहान आहे, धुळीपुरतीच, पण दिशा तीच. मंडळाकडे आधीपासून पडून असलेले आकडे लोकांना कळतील अशा रूपात बाहेर काढले गेले.

हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे का? अजिबात नाही. आधार आणि यूपीआय चालवणाऱ्या देशाला काही हजार कारखान्यांचं एक टेबल चालवणं जड नाही. अमेरिकेने ते मायक्रोफिशच्या काळात केलं. हवी आहे ती कायद्यातली एक नेमकी ओळ, ज्यात कोण, काय, कधीपर्यंत आणि कोणाला बघता येईल हे लिहिलेलं असेल.

वेस्ट व्हर्जिनियातला माणूस आज घरबसल्या आपल्या शेजारच्या कारखान्याचे १९८७ पासूनचे आकडे बघू शकतो. त्याला हा हक्क मिळण्यामागे भोपाळची हजारो माणसं आहेत. त्या माणसांच्या नातवंडांना तो अजून मिळायचा आहे.