लहान यंत्राचे थोरपण

गिटारचा ध्वनिवर्धक घेताना वॉटांच्या आकड्यावरून त्याचे मोल ठरविण्याकडे पुष्कळांचा कल असतो. इतिहासाचा कौल मात्र निराळा आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून नवशिक्यांसाठी व्हॉल्व्हचा एक स्वस्त ध्वनिवर्धक बाहेर पडला. तोच पुढे ‘चॅम्प’ म्हणून नावाजला. त्याची शक्ती अवघी ५ वॉटांच्या आसपास. व्हॉल्व्ह शक्तीच्या सीमेपर्यंत ताणला म्हणजे स्वराला भरदार खरखर येते. मोठ्या यंत्रात तिच्यासाठी कान बधिर होईतो आवाज चढवावा लागतो. येथे ती पुष्कळ आधीच लाभते. म्हणूनच १९७० साली मायामीतील ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टन व डुएन ऑलमन या नामांकित वादकांनी विद्यार्थ्यांचे हे यंत्र जवळ केले. तेव्हा घेणाऱ्याने आधी आपली खोली मोजावी, मग वॉट.