पैजेची तीन कुंपणे : सारीपाट, गंजिफा, शर्यत आणि कायदा

१/
मित्रांमधली पैज आणि जुगार यांच्यात नेमकी रेषा कुठे पडते? हा प्रश्न पोलीस ठाण्यात जितका जुना आहे, त्याहून पटावर कितीतरी जुना आहे. महाराष्ट्रातील खेळांचे नियम व हिशेबाच्या रीती पाहिल्या, तर तिथे त्याचे एक उत्तर सापडते. त्या उत्तराचा हा धागा.

२/
आरंभ भाषेपासून. संस्कृत ‘पण’ या शब्दाचा अर्थ पैजही होतो आणि एक प्राचीन नाणेही. ‘पणाला लावणे’ त्यातूनच आले. ‘शर्यत’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘शर्त’ आहे, म्हणजे अट. धावण्याच्या चढाओढीला मराठीने जे नाव दिले, ते वेगावरून आलेले नाही. आधी ठरलेल्या अटीवरून आलेले आहे.

३/
सारीपाटाचेही तसेच. पटाला चार फाटे, प्रत्येक फाट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की ते ‘पौबारा’ हे भाग्याचे दान. सोंगटी सुसाट सुटते. पळून जाणाऱ्याने ‘पोबारा केला’ असे आपण आजही म्हणतो, ते याच दानाच्या जोरावर.

४/
सारीपाटात दैव व बुद्धी यांची वाटणी उघड आहे. दान फाशांच्या हाती. कोणती सोंगटी हलवायची, हे खेळणाऱ्याच्या हाती. ‘फासा पडेल तो डाव, राजा बोलेल तो न्याय’ ही म्हण मात्र पहिलीच बाजू सांगते. द्यूतसभेतील युधिष्ठिराची कथा मनात इतकी खोल रुजली आहे, की फासे म्हटले की सर्वनाशच आठवतो.

५/
गंजिफा या समजुतीला छेद देते. ‘बाबरनामा’त १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांची, १४४ पानांची गंजिफा वर्णिली. महाराष्ट्रात मात्र तिचा दशावतारी अवतार रूढ झाला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ही गोल, लाखेच्या चकाकीची पाने रंगवून ती परंपरा टिकवली.

६/
दशावतारी गंजिफेत दहा रंग, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. नियमाची खरी गंमत पुढे आहे. पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दहा हे पान मोठे व एक सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत उलट : तिथे एक मोठे आणि दहा सर्वांत लहान.

७/
खेळणारे बहुधा तिघे. प्रत्येकाला ४० पाने. दिवसा डाव बसला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. एखाद्या रंगातील वरची पाने खेळून गेली, की उरलेल्यांतले सर्वांत मोठे पान ‘हुकूम’ ठरते. म्हणजे हुकूम कायमचा नाही. तो दर हाताला बदलतो.

८/
म्हणून हा खेळ मुख्यतः स्मरणाचा. दहा रंगांतली कोणती पाने पडली, कोणती कोणाकडे राहिली असतील, निम्म्या रंगांत क्रम उलटा आहे, हे सारे डोक्यात ठेवावे लागते. हिशेबाची मूळ रीत सोपी : अखेरीस जिंकलेली पाने मोजायची. वाट्याला ४० आली होती. हाती ३४ उरली, तर सहाने हार. देणेघेणे व्हायचे ते या फरकाचे. सगळे घरदार पणाला लागण्याची सोय त्या रीतीत नाही.

९/
हीच युक्ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही दिसते. स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ साली गोल्फचे तेरा नियम लिहिले गेले. पुढे मित्रांच्या पैजांसाठी न्यूयॉर्कजवळच्या नासॉ क्लबच्या नावाने एक रीत रूढ झाली : पहिल्या नऊ खळग्यांची एक पैज, पुढच्या नऊंची दुसरी आणि अठराची तिसरी. पूर्वार्धात धुव्वा उडाला, तरी उत्तरार्धात पुन्हा उभे राहता येते.

१०/
गोल्फच्या हौशी खेळाडूंविषयीच्या नियमांनीही अशा पैजेकडे काणाडोळा केला, पण अटी घालून : खेळणारे परस्परांना ओळखणारे असावेत, भाग घेणे ऐच्छिक असावे, पैसे खेळणाऱ्यांचेच असावेत, रक्कम अवाजवी नसावी. यातून पैजेची तीन कुंपणे दिसतात. पैसा आतल्यांचाच. तोटा मोजका. आणि फेड शब्दावर.

११/
तिसरे कुंपण कायद्याने नकळत पक्के केले. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक; जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. मुंबई इलाख्यात त्याआधीच, १८६५ साली, याहून कडक कायदा झाला होता. पैजेसाठी उसने दिलेले पैसे इतरत्र कोर्टातून वसूल होऊ शकत. या इलाख्यात तेही नाही. सातारा १८४८ मध्ये खालसा झालेला असल्याने त्याला हाच कायदा लागू झाला.

१२/
निरर्थक म्हणजे बेकायदा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली घेरुलाल पारख खटल्यात स्पष्ट केले. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर सरकार मदतीला येणार नाही. तो देतो तो लाजेकाजेस्तव, उद्या त्याच पटावर पुन्हा बसता यावे म्हणून. ओळख नसलेल्यांत हे बंधन चालत नाही. तिथे मग वसुलीसाठी दंडेली येते, आणि जुगाराचा अड्डा तिथेच सुरू होतो.

१३/
१८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पण पत्त्यांचे काय? १९६७ साली रमीच्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी तो मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. एक कारण असे, की पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. गंजिफा खेळणाऱ्यांना हे शतकानुशतके ठाऊक होते.

१४/
याउलट बैलगाडा शर्यत पाहावी. खंडाळा, फलटणपासून खटाव, माणपर्यंत आणि पुढे सांगलीकडे सपाट मैदानावर गाड्या एकत्र सुटतात; जो आधी निशाणापार जाईल तो पुढच्या फेरीत. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत मात्र एकेक गाडा सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. नियम दोन्हीकडे चोख, आणि इनाम आयोजकांचे. पण मैदानाभोवती जमणारी गर्दी अनोळखी. तिने आपसात पैशांची पैज लावली, तर तिन्ही कुंपणे एकदम मोडतात, आणि बोल लागतो तो खेळाला.

१५/
७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या त्या मुख्यतः बैलांच्या छळामुळे. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ‘शर्यत’ शब्दाचा मूळ अर्थ इथे अक्षरशः परतला : अट पाळाल तरच धाव.

१६/
गंजिफेची गत वेगळी झाली. तिच्यावर कोणी बंदी घातली नाही. स्वस्त छापील ५२ पानांनी तिला बाजूला सारले. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन ही कला वाचवली. आज संच विकले जातात, भिंतीवर लावले जातात, भेट दिले जातात. तिघांनी बसून डाव मांडल्याचे दृश्य मात्र विरळा.

१७/
म्हणजे पाने वाचली, नियम विस्मरणात चालले. हा तोटा केवळ एका खेळाचा नाही. कोणाबरोबर खेळावे, किती हरावे आणि हरलेले कसे फेडावे, हे शिकवणारी एक रीतच त्याबरोबर मागे पडते. आता पैज मोबाइलच्या पडद्यावर, अनोळखी माणसाशी आणि रात्रभर लागते. तिथे चाळीस पानांचा वाटा ठरलेला नसतो, आणि समोर बसलेला मित्र ‘आता पुरे, उद्या बसू’ असे म्हणत नाही.